घराची करसवलत : भार कोणावर?



बेण्याची उचल बिलातून कापली जाते, अनुदान कापले जात नाही, हे आम्ही गटसभेत नेहमी सांगतो. घराच्या करसवलतीतही हाच फरक पाहावा.

अमेरिकेत २००८ साली पहिले घर घेणाऱ्यास ७,५०० डॉलरपर्यंत सवलत मिळाली. ती १५ वर्षांत फेडायची, म्हणजे बिनव्याजी उचलच. २००९ साली ती ८,००० डॉलरपर्यंत झाली. तीन वर्षे घरात राहिल्यास फेड नाही. कर बसत नसेल त्यालाही रोख. अशा दहा लाख घरांना पुरी सवलत दिली तर ८०० कोटी डॉलर लागतात. सवलतीवाचूनही घर घेणारे त्यातच आले. सौद्याची मुदत ३० एप्रिल २०१० ला संपली आणि जुलैत जुन्या घरांची विक्री महिन्यात सुमारे २७ टक्के घसरली. पुढची गिऱ्हाइके आधीच येऊन गेली होती.

भाडेकरूचेही तेच. खोल्या वाढल्या नाहीत तर भाडे चढते नि सूट मालकाच्या खिशात जाते.

आपल्याकडे शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. नुसत्या उसावर जगणाऱ्याला करातली वजावट काय कामाची? म्हणून सवलत ऐकली की विचारा : फेडायची का? कर नसणाऱ्याला मिळते का? तूट कोण भरतो?