कुंडीतील कीड आणि कडुनिंब : रायपूरच्या संदर्भात

छत्तीसगढमध्ये श्रावण अमावस्येला (महाराष्ट्राच्या पंचांगानुसार ती आषाढ अमावस्या) हरेली साजरी होते. त्या दिवशी दारावर कडुनिंबाच्या डहाळ्या लावण्याची प्रथा आहे. रायपूरच्या सज्जांतील कुंड्यांवर कीड पडल्यास हाच वृक्ष प्रथम आठवावा, यास शास्त्रीय आधार आहे.

निंबोळीतील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य किडीचे खाणे थांबविते व कात टाकण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणते. कीड तत्काळ मरत नाही. त्यामुळे उपाय निष्फळ ठरला, असा समज घाईचा ठरतो. ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, गाळून एक लिटर द्रावण करावे; हाच ५ टक्के अर्क. त्यात चिमूटभर सौम्य साबण मिसळल्यास तो पानावर पसरतो. सूर्यप्रकाशात हे द्रव्य लवकर नष्ट होत असल्याने फवारणी सायंकाळी करावी.

मावा व पिठ्या ढेकूण या मऊ अंगाच्या रसशोषक किडींवर नुसते साबणाचे पाणीही चालते. मात्र ते प्रत्यक्ष किडीला भिडले पाहिजे. वाळल्यावर त्याचा प्रभाव उरत नाही. म्हणून पानांची खालची बाजू भिजविणे अगत्याचे. कोरड्या उन्हाळ्यात वाढणारा लाल कोळी हा आठ पायांचा असल्याने कीटक नव्हे, ही बाब विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते.

तंबाखूचा काढा मात्र घरात टाळावा. तो ‘नैसर्गिक’ असला तरी त्यातील निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते.

२८ जुलै २०२२ रोजी, हरेलीच्याच दिवशी, छत्तीसगढ शासनाने ४ रुपये लिटर दराने गोमूत्र खरेदी सुरू केली होती. त्यापासून ‘ब्रह्मास्त्र’ हे कीडनियंत्रक तयार करून घेण्यात आले.

युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये दिलेले कडुनिंबाचे पेटंट २००० मध्ये रद्द केले. त्यावरील अपील मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले. ते पेटंट बुरशीनाशकाचे होते, कीटकनाशकाचे नव्हे. उत्तरपत्रिकेत येथेच गल्लत होते.

विक्रीसाठी कीटकनाशक बनविणाऱ्यास कीटकनाशक अधिनियम, १९६८ अन्वये नोंदणी अनिवार्य करण्यात आली. स्वतःच्या घरात वा परसबागेत केलेल्या वापरास मात्र त्याच अधिनियमाच्या कलम ३८ ने सूट दिली.