कपाटातला जुना उतारा

पिंगला उत्तर येत होतं, म्हणजे माडीवरचा संगणक चालू असणार. जिना चढून पाहतो तर तो बंद. नुसता बंद नाही, त्याचा प्लगच काढून ठेवलेला. मग खाली ओसरीतल्या माझ्या लॅपटॉपला 'ओ' देत होतं कोण?

मी पुणतांब्यात राहतो आणि गावातल्या पाच-सहा दुकानांचे हिशेब घरूनच लिहितो. सगळा डेटा माडीवरच्या संगणकात. त्याला मी नाव दिलंय 'हिशेब'. गोठ्यातल्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर आहे, तो 'गोठा'. लॅपटॉपवर 'हिशेब' टाइप केलं की वरचं फोल्डर उघडायचं. तीन वर्षं बिनतक्रार चाललं. मग एका वादळी संध्याकाळी जास्त दाबाची वीज येऊन राउटर जळाला, नवा आणला, आणि तेव्हापासून घरात भूत शिरलं. पुतण्याच्या लॅपटॉपवर 'हिशेब' झटक्यात उघडतो, माझ्या लॅपटॉपवर उघडत नाही. पिंग केलं तर उत्तर येतं, तेही लहरीप्रमाणे. 'गोठा' तर सकाळी सापडतो आणि रात्री गायब.

माणूस अशा वेळी करतो तेच मी केलं, दुसऱ्याला दोष दिला. इंटरनेटवाल्यांच्या ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, पुण्यात कुठे?" म्हटलं, पुणे नाही, पुणतांबा, राहाता तालुका. तिला पुन्हा पुणंच ऐकू आलं. शेवटी म्हणालो, २०१७ साली शेतकऱ्यांचा संप जिथून सुरू झाला ते गाव, तेव्हा कुठे पत्ता जुळला. नावावरून ठिकाण शोधताना काय गोंधळ होतो त्याचं प्रात्यक्षिक मला तिथेच मिळालं होतं, पण मी चिडलेलो होतो, माझ्या लक्षात आलं नाही. लाइनवरचा पोरगा दोनदा येऊन गेला. केबल बदलली. नवा राउटर परत करण्यापर्यंत गोष्ट गेली. चूक त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती.

पुतण्या सुट्टीत आला तेव्हा त्याने लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि एकाच नावाची दोन ठिकाणी चौकशी केली. आधी 'पिंग हिशेब'. उत्तर आलं १९२.१६८.१.७ वरून. मग 'एनएसलुकअप हिशेब'. उत्तर १९२.१६८.१.२३. तोच लॅपटॉप, तेच नाव, तोच मिनिट, आणि पत्ते दोन.

"काका, दोघंही खरंच बोलतायत. फक्त दोघांनी वेगवेगळ्या माणसाला विचारलंय."

हे वाक्य मला महिनाभर आधी कळलं असतं तर बरीच बोलणी वाचली असती. एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्याला विचारतं, आमच्या घरी तो राउटर. पिंग तसं करत नाही. ते विंडोजला विचारतं, आणि विंडोज आधी स्वतःच्या घरातलं कपाट उघडून पाहतं. त्या कपाटात 'होस्ट्स' नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. तिथे नाव सापडलं तर विंडोज पुढे कोणाला विचारायलाही जात नाही. शेतकऱ्याला हे लगेच कळेल. एनएसलुकअप म्हणजे तलाठ्याकडे जाऊन आजची नोंद पाहणं. पिंग म्हणजे आधी घरातली ट्रंक उघडणं, आणि तिच्यात दहा वर्षांपूर्वीचा सातबारा निघाला की तोच खरा धरून चालणं. मधल्या काळात फेरफार झालेला असू शकतो, हे त्या कागदाला कसं कळावं?

ही फाइल म्हणजे इंटरनेटच्या बाळपणीची खूण आहे. तेव्हा जोडलेल्या सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळायची आणि बाकीचे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. यादी वाढत गेली, नकला शिळ्या पडू लागल्या. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली, ज्यात नावांची नोंद एका जागी न ठेवता वाटून दिली. यादी गेली, पण प्रत्येक संगणकात ती फाइल मात्र राहिली. ती माझ्या मुळावर आली.

सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात इटीसी. तिथली होस्ट्स फाइल उघडली तर शेवटच्या ओळीत १९२.१६८.१.७ आणि पुढे 'हिशेब'. ती ओळ मीच लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी, काहीतरी अडलं म्हणून, तात्पुरती. नव्या राउटरने घरात पत्ते नव्याने वाटले, त्यात माडीला २३ मिळाला. आणि ७?

पुतण्याने पिंगच्या उत्तरात शेवटी छापलेल्या 'टीटीएल' नावाच्या आकड्यावर बोट ठेवलं. तिथे ६४ होतं. विंडोजचा संगणक घरातल्या घरात उत्तर देतो तेव्हा तिथे बहुधा १२८ दिसतं. ६४ म्हणजे बहुतेक अँड्रॉइड किंवा लिनक्स. वर उत्तराला लागणारा वेळही कधी चार मिलिसेकंद, कधी तीनशे, कुणीतरी झोपेतून उठून बोलल्यासारखा. आम्ही अंदाज बांधत होतो तेवढ्यात मंडळी चांगदेवाच्या देवळात जायला निघाल्या, मोबाईल घेऊन. त्या फाटकाबाहेर गेल्या आणि पिंग बंद पडलं.

ती ओळ काढतानाही ठेच लागली, म्हणून सांगून ठेवतो. नोटपॅड 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा, नाहीतर बदल जतन होत नाही. फाइलच्या नावाला शेपूट नसतं. नोटपॅड गुपचूप टीएक्सटी चिकटवतं, आणि मग तुम्ही एक फाइल बदलत राहता, विंडोज दुसरीच वाचतं. ओळ खोडायची भीती वाटत असेल तर सुरुवातीला हॅश टाका, ती निर्जीव होते. जिथे तिथे सांगितला जाणारा 'फ्लशडीएनएस'चा उतारा मी महिनाभरात पन्नासदा केला असेल. त्याने लक्षात ठेवलेली उत्तरं पुसली जातात, होस्ट्समधली ओळ पुसली जात नाही.

'हिशेब' सुटला, 'गोठा' राहिला. ते कर्मही माझंच. कुठेतरी वाचून मी लॅपटॉपमध्ये पहिला डीएनएस राउटरचा आणि दुसरा बाहेरचा एक सार्वजनिक असे दोन पत्ते भरले होते. माझी समजूत अशी, की पहिल्याला नाव माहीत नसेल तर दुसऱ्याला विचारलं जाईल. तसं नसतं. दुसऱ्याला विचारलं जातं ते पहिल्याने वेळेत उत्तरच दिलं नाही तर. आणि कोणीही 'असं नाव नाही' म्हटलं की तेच शेवटचं उत्तर, वर ते 'नाही'सुद्धा थोडा वेळ लक्षात ठेवलं जातं. रात्री घरात तीन मोबाईलवर व्हिडिओ सुरू झाले की राउटर दमायचा, लॅपटॉप बाहेर विचारायला जायचा, आणि बाहेरच्याला माझा गोठा कुठून ठाऊक असणार? दुसरा पत्ता काढून टाकला. तेव्हापासून रात्रीही गाय दिसते. बाहेरचा सर्व्हर हवाच असेल तर तो राउटरमध्ये भरावा, घरातल्या यंत्रांनी फक्त राउटरला विचारावं. आणि एवढं करूनही एखादं घरातलं नाव फक्त ब्राउझरलाच सापडत नसेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये 'सुरक्षित डीएनएस' पाहा. तो चालू असला की ब्राउझर घरातल्यांना वगळून थेट बाहेर विचारू शकतो.

आमच्या गावात गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं तर मायना काय घालावा, वयाने लहान म्हणून आशीर्वाद की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना म्हणून त्यांनी कोरा कागदच धाडला, अशी कथा आहे. त्याचं उत्तर पासष्ट ओव्यांत आलं. मी मायना छातीठोकपणे घातला होता, फक्त शिळा. उत्तर आलं ते मंडळींच्या पिशवीतून.

आता राउटरमध्ये जाऊन माडीच्या संगणकाला २३ आणि गोठ्याला ३० असे पत्ते कायमचे नोंदवले आहेत, म्हणजे वीज गेली-आली तरी बदलणार नाहीत. होस्ट्स फाइल कोरी आहे. ७ नंबरही कायम करून टाकला, मंडळींच्या मोबाईलच्या नावावर. ताबा त्यांचाच होता.