कारागिराचे हात दिसू द्या

महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. तरीही छायाचित्रात अस्सल चप्पल आणि यंत्रावरची नक्कल सारखीच भासते. हा भेद चित्रफीत दाखवू शकते. म्हणून ऑनलाइन विक्रीसाठी चित्रीकरण करताना आपण तयार वस्तूपेक्षा कृतीला अधिक वेळ द्यावा: बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले कातडे, वेणी गुंफणारी बोटे, चामड्याच्याच वादीची शिवण. कॅमेरा स्थिर असावा. संगीताऐवजी हातोडीचा ठोका ऐकू यावा. कारागिराच्या संमतीने त्याचे नाव व गाव आरंभीच सांगावे. ज्या हातांना समाजाने दीर्घकाळ हीन लेखले, तेच हात चौकटीबाहेर ठेवले, तर आपल्याला विक्रीचा पैसा मिळेल. श्रमाला प्रतिष्ठा मिळणार नाही.