माल आणायला विमानाने जाताय? मग तिकिटाचा हिशोब असा करा

व्हिडिओत हा विषय घाईत उरकला, म्हणून आकड्यांसकट इथे लिहितोय.

माझं पुण्यात रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, माल दिल्लीच्या गांधीनगर मार्केटमधून येतो. पहिली दोन वर्षं ट्रेनने जायचो. चार दिवस दुकान कामाच्या मुलावर सोडून. मग विमान सुरू केलं आणि दिसेल ते सगळ्यात स्वस्त तिकीट काढायला लागलो. एकदा दिवाळीच्या खरेदीच्या वेळी होलसेलवाल्याचा फोन आला, ‘माल दोन दिवस उशिरा मिळेल.’ तिकीट होतं 4,200 चं. तारीख बदलायला गेलो तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून नवीन तिकिटाएवढेच पैसे होत होते. चिडून ते तिकीट तसंच सोडून दिलं.

ही माझी चूक. डीजीसीएचा नियम आहे की तिकीट रद्द केलं किंवा तुम्ही गेलाच नाहीत, तरी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं, अगदी ‘नॉन-रिफंडेबल’ तिकिटावरही. मागावं मात्र लागतं. मी मागितलंच नाही.

आता मूळ हिशोब. समजा दोन्ही बाजूंचं तिकीट 8,400 आणि राहणं, जेवण, रिक्षा मिळून 2,600. झाले 11,000. या फेरीत 200 शर्ट आणले तर प्रत्येक शर्टावर 55 रुपये चढले. 400 आणले तर साडेसत्तावीस. तिकिटात 500 रुपये वाचवायला रात्र रात्र मोबाइल बघत बसण्यापेक्षा वर्षातल्या दोन फेऱ्या कमी करा, जास्त सुटतील. अर्थात तेवढा माल खपणार असेल तरच!

तारीख मार्केट बघून ठरवा. गांधीनगर सोमवारी बंद असतं. म्हणून मी मंगळवारी पहाटे निघतो आणि बुधवारी रात्री परत. शुक्रवार आणि रविवार संध्याकाळच्या गर्दीत बहुतेक वेळा भाडं चढलेलं असतं, त्या वाटेला जात नाही. तीन-चार आठवडे आधी काढलं की बरं पडतं.

जाणं आणि येणं वेगवेगळं काढून बघा. आपल्याकडे एकत्र काढलं म्हणून बहुतेक वेळा फार स्वस्त होत नाही. जाताना तुमच्याकडे असतं काय? एक सॅक. मग फक्त हातातल्या बॅगेचं तिकीट घ्या, उदाहरणार्थ एअर इंडिया एक्सप्रेसचं ‘एक्सप्रेस लाइट’. येताना सॅम्पल असतात, तेव्हा चेक-इन सामानाचं साधं तिकीट. गठ्ठे ट्रान्सपोर्टने पाठवा. विमानतळावर जास्तीच्या किलोचे पैसे भरलेत तर सगळी बचत तिथेच संपली.

जीएसटी नंबर तिकीट काढतानाच टाका. इकॉनॉमी तिकिटावर 5 टक्के जीएसटी आहे आणि धंद्यासाठीच्या प्रवासावर त्याचं क्रेडिट घेता येतं. जीएसटी लागणारं भाडं 7,000 धरा, फेरीला 350 झाले. बारा फेऱ्यांचे 4,200. म्हणजे माझं ते सोडून दिलेलं तिकीट! कंपोझिशनमध्ये असाल तर मात्र हे क्रेडिट मिळत नाही.

पॉइंटसाठी क्रेडिट कार्ड घ्यायचं का, हे बरेच जण विचारतात. बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल तर घ्या. थकवलंत तर महिन्याला 3 टक्क्यांच्या वर व्याज लागू शकतं, आणि असलं फुकट तिकीट फार महाग पडतं.

अजून एक. विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तिकीट काढलं आणि प्रवासाला किमान 7 दिवस असतील, तर 48 तासांच्या आत ते शुल्काशिवाय रद्द करता येतं. बदललंत तर फक्त भाड्यातला फरक भरायचा. मी आता तिकीट रात्री काढतो आणि सकाळी दुकान उघडायच्या आधी होलसेलवाल्याला फोन लावतो, ‘भाई, मंगल को माल पक्का ना?’