मुलांच्या दातांना तारा : उपचार निवडताना

तानसा नदीकाठच्या गणेशपुरीची ओळख गरम पाण्याच्या कुंडांमुळे आणि नित्यानंद महाराजांच्या समाधीमुळे दूरवर पोहोचली आहे. या गावातील एखाद्या मुलाच्या वेडवाकड्या दातांना तारा बसवावयाच्या झाल्यास पालकांसमोर मुंबईतील दोन सार्वजनिक संस्था येतात : मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचे शासकीय दंत महाविद्यालय. खासगी दवाखान्याच्या मानाने येथे खर्च पुष्कळ कमी येतो. मात्र एका फेरीत काम भागत नाही. तारा साधारणतः दीड ते दोन वर्षे राहतात व दर चार ते सहा आठवड्यांनी तपासाव्या लागतात. म्हणजे १५ ते २५ फेऱ्या, तितकेच दिवस पालकांची मजुरी व मुलाची शाळा बुडणार. हा हिशेब प्रथम मांडावयास हवा. बहुधा तो सर्वांत शेवटी मांडला जातो.

या उपचारात घाई चालत नाही. तारेच्या सौम्य दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड विरते व दुसऱ्या बाजूस नवे भरते, तेव्हा दात सरकतो. अर्धवट सोडलेल्या उपचाराने तर दुहेरी नुकसान होते : दात पूर्वस्थितीकडे परतू लागतात आणि तारांभोवती अन्न अडकून कीड लागते. नियमित जाणे शक्य नसेल तर तारा काही काळ पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे; प्रौढ वयातही दात सरकविता येतात.

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या वरच्या पुढील दातांत दिसणारी फट पाहून पालक घाबरतात. पुष्कळदा सुळे आल्यावर ती आपोआप मिटते. याउलट काही गोष्टी थांबू देऊ नयेत. दुधाची दाढ अकाली काढावी लागल्यास मागची दाढ पुढे सरकून नव्या दाताची जागा व्यापते. त्या वेळी बसविलेली जागा राखणारी साधी तारेची कडी पुढील मोठा उपचार टाळू शकते. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, किंवा कायमचे दात आल्यावरही अंगठा चोखण्याची सवय टिकून असेल, तर सातव्या वर्षाच्या सुमारासच दंतवैद्यास दाखवावे. खालचा जबडा मागे असल्यास काढता-घालता येणारे साधन वाढीच्या वयातच उपयोगी पडते, तेही दिवसातील बहुतेक वेळ तोंडात असेल तर. दप्तरात ठेवलेले साधन काय करणार? पारदर्शक साच्यांची गोष्ट तीच, शिवाय ते महाग. धातूच्या पक्क्या तारा दिसावयास शोभिवंत नसल्या तरी टिकाऊ व स्वस्त आहेत. तारा निघाल्यावरही दात स्थिर राखणारी पट्टी वापरावी लागते, हे आधीच विचारून घ्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. त्यातील आरोग्य पथके अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी करतात आणि दातांचे विकारही त्यात येतात. पथक येईल त्या दिवशी शिक्षकांनी अकाली दाढ पडलेली व पुढे आलेल्या दातांची मुले आवर्जून दाखवावीत. असे दात खेळताना पडल्यास सहज मोडतात. एकाच गावातील दोन-तीन मुलांवर उपचार चालू असल्यास त्यांच्या तारखा एकाच दिवशी मिळाव्यात, अशी विनंती पंचायत सदस्यांनी महाविद्यालयास करून पाहावी. मग पालकांना आळीपाळीने मुलांसोबत जाता येईल.