खुंटा-लंगर निवडताना: धरणारा तर हवाच, पण परत निघणाराही हवा



जाळं घेताना आपण दहा दुकानं फिरतो. धागा ओढून पाहतो, आस बोटानं मोजतो, बोये किती, शिसं किती, सगळं विचारतो. आणि ते जाळं बांधतो कशाला? काठावर सापडलेल्या दगडाला, नाहीतर बांधकामातून उरलेल्या सळईच्या तुकड्याला. सकाळी जाऊन पाहावं तर एक टोक सुटलेलं, जाळं गुंडाळून झुडपात अडकलेलं. जाळं गेलं, मासोळी गेली, वर दोन दिवस घरच्या बायामाणसांनी दुरुस्तीत घालवायचे.

म्हणून आजचा पाठ खुंट्यावर आणि लंगरावर. तंगूस जाळी असो, बांबूचा सापळा असो की बांधलेला डोंगा, तिघांनाही हा लागू आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: खुंटा निवडताना दोन प्रश्न विचारायचे. हा धरेल का? आणि काम झाल्यावर हा माझ्या हातानं परत निघेल का? पहिला प्रश्न सगळे विचारतात. दुसरा विसरतो, तिथंच नुकसान होतं.

परत निघणं एवढं महत्त्वाचं का?

मध्य प्रदेशात दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. नदीशी संबंध नसलेली छोटी तळी सोडली तर नदी-जलाशयात जाळं ठेवता येत नाही. नियम मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे १५ जूनच्या संध्याकाळपर्यंत आपलं सगळं सामान पाण्याबाहेर हवं. जो खुंटा निघत नाही, त्याला बांधलेला दोर माणूस कापतो आणि खुंटा तिथंच सोडतो. कधी अर्धं जाळंही सोडतो.

सोडलेलं नायलॉनचं जाळं कुजत नाही. ते पाण्यात मासे, कासव अडकवतच राहतं, आणि त्याचा फायदा कोणालाच नाही. सोडलेली सळई तर अजून वाईट. पाणी उतरलं की ती काठावर चिखलात उभी राहते. त्यावर लेकराचा पाय पडतो, म्हशीचा खूर फाटतो. पाणी चढलं की तीच सळई दुसऱ्या भावाचा डोंगा फोडते, जाळं फाडते. तळं एकाचं नाही, सगळ्यांचं आहे.

आधी तळ ओळखा

आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या भागात दोन कोसांवर जमीन बदलते. खाली काळा दगड, त्यावर कुठं मुरूम, कुठं कपाशीची काळी माती. कन्हानच्या पात्रात रेती. जामच्या पात्रात गोटे किती, हे तर गोटमारीच्या गावाला सांगायलाच नको. एकच खुंटा सगळीकडे चालेल असं म्हणणारा दुकानदार पाण्यात कधी उतरला नसेल.

काळ्या मातीचं वागणं नीट समजून घ्या. ती ओली झाली की फुगते आणि मऊ पडते. सुकली की आकसते, भेगा पडतात आणि दगडासारखी कडक होते. उन्हाळ्यात ठोकलेला खुंटा दोघांनी ओढला तरी हलत नाही. तोच पाऊस पडल्यावर लोण्यातल्या सुरीसारखा निघतो. उलटही होतं. ओल्या काठात ठोकला, सिंचनाला पाणी सोडल्यावर तलाव उतरला, काठ सुकला, की खुंटा जमिनीत आवळला जातो. म्हणून काळ्या मातीत खुंट्याची परीक्षा ओल्या जागेतच घ्यायची, आणि पाणी उतरायला लागलं की खुंटा पाण्यासोबत खाली सरकवत न्यायचा. सुकण्याची वाट पाहू नका.

तळ पाहायची सोपी रीत: डोंग्यातून लांब बांबू खाली दाबा. सहज रुतला आणि काढताना चोखल्यासारखा आवाज आला तर गाळ. करकर वाजून थोडा रुतला तर रेती. टक्क वाजला तर दगड.

कोणत्या तळाला कोणता खुंटा

१. सरळ खुंटा. काठाच्या घट्ट मातीसाठी. १६ मिलिमीटरची सळई, अडीच-तीन फूट लांब, वर कडी वेल्ड केलेली आणि खाली टोक काढलेलं. ठोकताना उभा ठोकू नका. डोकं पाण्यापासून मागं झुकलेलं ठेवा, म्हणजे ओढ आली की खुंटा जमिनीला अजून दाबला जातो. दोर जमिनीलगत बांधा. जितका वर बांधाल तितका तो खुंट्याला उपटायची तरफ होतो. काढताना कडीत सब्बल घालून आधी दोन-तीन वेळा गोल फिरवा. माती सुटते, मग सरळ वर ओढा. आडवा हलवून काढला तर वाकतो, आणि वाकलेला खुंटा पुढच्या वेळी सरळ जात नाही.

एक खुंटा कमी पडत असेल तर जाड घेण्यापेक्षा दोन लावा. ओढीच्या रेषेत एकामागं एक, तीन-चार फुटांवर. पुढच्याच्या डोक्यापासून मागच्याच्या पायथ्यापर्यंत दोर ताणून बांधा. असे दोन साधे खुंटे एका महागड्या खुंट्याइतकं काम करतात आणि काढायला सोपे.

२. मळसूत्री खुंटा. रेतीसाठी आणि मऊ मातीसाठी हा सगळ्यात चांगला. सळईच्या खालच्या टोकाला चार ते सहा इंचाची पाती, स्क्रूसारखी वळवलेली. कडीत सब्बल घालून फिरवत जमिनीत घालायचा, उलटा फिरवून काढायचा. घण लागत नाही. वेल्डिंगवाल्याकडून करून घेत असाल तर पाती नीट वळवलेली पाहिजे. प्रत्येक फेऱ्याला तो खाली जायला हवा. जागच्या जागी फिरत राहिला तर तो माती घुसळतोय, धरत नाही. काढा आणि हातभर बाजूला लावा. मुरमात आणि गोट्यांत हा खुंटा चालत नाही, पाती वाकते.

३. वजनाचा लंगर. खोल पाण्यासाठी, जिथं ठोकता येत नाही. इथं एक हिशेब लक्षात ठेवा. पाण्यात वजन कमी भरतं. काठावर १० किलो भरणारा काळा दगड पाण्यात साधारण साडेसहा किलोच उरतो. १० किलोचा काँक्रीटचा ठोकळा सहा किलोच्या आत. १० किलो लोखंड पावणेनऊ किलोच्या आसपास. त्यातही सपाट तळावर वजन उचलायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा कमी जोरात ते घसरतं. म्हणून ‘चांगला जड आहे’ हे काठावर उचलून ठरवू नका.

सगळ्यात स्वस्त आणि परत वापरता येणारा वजनाचा लंगर म्हणजे जुन्या जाड जाळ्याची पिशवी. जागेवर गोटे भरा, काम झालं की काठावर रिकामी करा, पिशवी खांद्यावर टाकून घरी. सिमेंटच्या पोत्यात रेती भरू नका. उन्हापाण्यानं पोतं फाटतं, रेती सांडते, जाळं मोकळं होतं आणि प्लास्टिकचे धागे पाण्यात राहतात.

४. काट्यांचा लंगर. दगडी तळासाठी. हा धरतो जोरात आणि अडकतोही जोरात. त्याला सोडवायची युक्ती अशी: मुख्य दोर वरच्या कडीला न बांधता खाली, काटे जिथं जुळतात तिथं बांधा. मग तोच दोर वरच्या कडीला बारीक सुतळीनं टाचा. रोजच्या ओढीला सुतळी टिकते. लंगर अडकला की वरून जोरात ओढा. सुतळी तुटते, ओढ खालून लागते आणि लंगर उलटा होऊन निघतो. मात्र रात्रभर डोंगा बांधायला ही युक्ती वापरू नका. वाऱ्यानं सुतळी तुटली तर डोंगा मोकळा होईल.

५. तारेचा, आडवा होणारा अँकर. लोखंडाचं टोकदार पान तारेसकट जमिनीत ठोकतात, मग तार ओढली की पान आत आडवं होतं. अमेरिका-कॅनडात जमिनीवर सापळे लावणारे लोक हा वापरतात. हलका असतो, धरतो जबरदस्त. पण काढायचा म्हटला तर खणावं लागतं, म्हणून बरेचदा तिथंच सोडला जातो. आपल्या काठावर तारेचं तोंड वर राहिलं तर पाय कापणार. कायमचा घाट बांधायचा असेल तर ठीक, हंगामी जाळ्याला नको.

दोर किती सोडायचा

चांगला लंगर आखूड दोरानं वाया जातो. आखूड दोर लंगराला वर उचलतो, लांब दोर त्याला तळाशी आडवा ओढतो. पाणी १० फूट असेल तर शांत तलावात निदान ३० फूट दोर, वारा किंवा धार असेल तर ५० फूट. आणि धारेचा हिशेब विसरू नका: पाण्याचा वेग दुप्पट झाला की जाळ्यावरचा जोर चौपट होतो. त्यात पाला, जलकुंभी, बेशरमाच्या काड्या अडकल्या की जाळं म्हणजे भिंतच. पुराची चाहूल लागली की जास्त खुंटे ठोकायला धावू नका, जाळं काढायला धावा. कन्हानमधून वाहून गेलेलं जाळं खाली नागपूर जिल्ह्यातल्या आपल्याच भावांच्या पात्रात जाऊन अडकतं.

विकत घ्यायच्या आधी परीक्षा

एकच नमुना आणा. आपल्याच काठावर, ओल्या जागी लावा. ज्या बाजूनं जाळं ओढणार त्याच बाजूनं दोघांनी दोर ओढून धरा, मनात ६० आकडे मोजा. जरा जरा सरकत असेल तर तो रात्रभरात पूर्ण सरकेल. मग काढून पाहा. एकट्या माणसाला सब्बल घेऊन काढता आला पाहिजे. असं लावणं-काढणं दहा वेळा करा. कडीचं वेल्डिंग, टोक, पाती बघा. दहाव्या वेळी पहिल्यासारखा असेल तरच बाकीचे घ्या.

जिवाच्या चार गोष्टी

हे मोठ्यानं वाचा, घरातल्या पोरांना ऐकवा.

लंगराचा दोर डोंग्याच्या तोंडालाच बांधा. मागं किंवा कुशीला बांधून धारेत थांबलात तर डोंग्यात पाणी शिरतं आणि क्षणात उलटतो.

दोर कमरेला, मनगटाला कधीच गुंडाळू नका. लंगर टाकताना पाय दोराच्या वेढ्यात नाही ना, हे आधी बघा.

अडकलेला लंगर सोडवायला बुडी मारू नका. हाताशी सुरी ठेवा आणि दोर कापा. लंगर पुन्हा करता येतो.

खुंट्याच्या डोक्यावर जुन्या टायरचा तुकडा किंवा रंगीत बाटली घाला, म्हणजे अंधारात दिसेल आणि लागणार नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलतो. हाच खुंटा आणि तार घेऊन कोणी शेताच्या धुऱ्यावर रानडुकरासाठी फास लावायला मागितला तर देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणंही शिकारच धरलं जातं. त्या फासात डुक्करच येईल याचा भरवसा नाही. बिबट येतो, गावची गाय येते, माणूसही येतो. जाळ्यात कासव आलं तर त्यालाही जिवंत सोडा.

लावले किती, काढले किती

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक खुंट्यावर रंगानं आकडा टाका, आपल्या घराची खूण करा. वहीत दोन रकाने: लावले, काढले. बंदीच्या आठ दिवस आधी दोन्ही रकाने जुळवायला बसा. आकडा जुळला नाही तर कोणता खुंटा कुठं राहिला ते लगेच कळतं, आणि पाणी चढायच्या आत तो काढता येतो. काढलेले खुंटे धुवा, सुकवा, लोखंडाला जुनं इंजिन ऑइल चोळून कोरड्या जागी ठेवा. तेल सांडून पाण्यात जाऊ देऊ नका. दोर सावलीत टांगा, उन्हानं तो कमजोर होतो.

१६ ऑगस्टला आपण पुन्हा पाण्यावर जाऊ, तेव्हा ज्याच्या घरात खुंटे मोजून ठेवलेले असतील त्याचा पहिला दिवस खरेदीत जाणार नाही, मासोळीत जाईल.

तुमच्या काठावर कोणता खुंटा टिकला, कोणता अडकला, ते तळाच्या मातीसकट लिहून कळवा. आपल्या गटातल्या डोंगेवाल्यांना हा पाठ वाचून दाखवा.

जपून जा, भरल्या जाळ्यानं परत या.