टेबलावर वाजतो, शेतात गप्प

प्रश्न : केळीच्या बागेतल्या मोटारीची वीज आली-गेली की मोबाइलवर सूचना देणारं अ‍ॅप आम्ही विद्यार्थ्यांनी बनवलं. कॉलेजात नीट चालतं, शेतात रात्री मात्र सूचना फार उशिरा येते. असं का?
– एक वाचक, यावल (जि. जळगाव)

उत्तर : अ‍ॅपपेक्षा तुमच्या चाचणीवर माझा संशय आहे. कॉलेजात फोन केबलने संगणकाला जोडलेला, म्हणजे चार्जिंगवर असतो. अँड्रॉइड ६ (२०१५) पासून आलेली ‘डोझ’ ही बॅटरी वाचवणारी सोय चार्जिंगवर चालूच होत नाही. रात्री बाजेवर पडलेला, स्क्रीन बंद असलेला फोन मात्र तिच्या तावडीत सापडतो. मग नेटवर्क अडवलं जातं, कामं मागे पडतात आणि अधूनमधून मिळणारी मोकळीक लांबत जाते.

शेतातली हीच स्थिती टेबलावर आणायची, तर केबल तशीच ठेवून संगणकावरून ‘एडीबी’ या अँड्रॉइडच्या साधनाने ‘एडीबी शेल डम्पसिस बॅटरी अनप्लग’ ही आज्ञा द्या; फोनला आपण चार्जिंगवर नाही असं वाटेल. स्क्रीन बंद करून ‘एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ द्या. आता सूचना पाठवून पाहा. शेवटी ‘अनफोर्स’ आणि ‘बॅटरी रीसेट’ विसरू नका. सर्व्हरवरून येणारी सूचना ‘हाय प्रायॉरिटी’ची हवी. काही कंपन्यांचे फोन याउपर स्वतःचे निर्बंध घालतात, म्हणून शेतकऱ्यांकडचेच दोन-तीन फोन मागून घ्या.

अ‍ॅपसह आणि अ‍ॅपशिवाय बॅटरी किती टिकते हेही पाहायचं असेल, तर ते मे महिन्यात उन्हात मोजू नका. जळगावच्या ४५ अंशांत फोन तापून चार्जिंग थांबवतो, आणि धुळ्याच्या डिसेंबरातल्या पहाटे आकडे पुन्हा वेगळे येतात. दोन्ही चाचण्या घरात, सारख्याच तापमानात घ्या.